पीएच.डी.ची मुलाखत : परीक्षा की करार?

दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात अमेरिकेतील विद्यापीठांत एक ठराविक सोहळा पार पडतो. रेण्वीय जीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, मज्जाशास्त्र, कर्करोगजीवशास्त्र अशा जैववैद्यक विषयांत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या निवडक उमेदवारांना विद्यापीठे स्वखर्चाने भेटीला बोलावतात. उमेदवार गुरुवारी संध्याकाळी उतरतो. शुक्रवारी सकाळपासून चार-सहा प्राध्यापकांबरोबर प्रत्येकी अर्ध्या तासाची बैठक होते. दुपारचे जेवण विद्यमान संशोधक विद्यार्थ्यांच्या पंक्तीला, संध्याकाळी संशोधनाच्या भित्तिपत्रकांचे प्रदर्शन आणि रात्री कोणा प्राध्यापकाच्या घरी किंवा हॉटेलात भोजन. शनिवारी शहर दाखवतात, रविवारी निरोप देतात. काही आठवड्यांत पत्र येते आणि होकार कळवण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते.

या सोहळ्याशी आपल्या वाचकांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध असा की पुणे-मुंबईच्याच नव्हे, तर नांदेड, जळगाव, कोल्हापूर, अमरावतीच्या महाविद्यालयांतून एम.एस्सी. झालेली मुलेमुली आज या दाराशी पोचत आहेत. काही जण तेथे आधीच पदव्युत्तर शिक्षण घेत असतात किंवा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरीला असतात; त्यांना प्रत्यक्ष बोलावणे येते. येथून अर्ज करणाऱ्यांची मुलाखत बहुधा संगणकाच्या पडद्यावर होते. या मुलाखतीची तयारी करून देण्याचा धंदा आता आपल्या शहरांत फोफावला आहे. ज्या घरात आधी कोणी पीएच.डी. झालेले नाही, त्या घरातील मुलाला ही तयारी विकत घ्यावी लागते. ज्या घरात झालेले आहे, तेथे ती जेवणाच्या पानावर फुकट मिळते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. पिपेट कधी हातात धरलेली नाही. परंतु ज्याला आपण गुणवत्ता म्हणतो त्यातला किती भाग वारशाने मिळालेल्या माहितीचा असतो, हा प्रश्न माझ्या विषयाच्या कक्षेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत शिकायचे म्हणजे जमीन गहाण टाकून कर्ज काढायचे, अशी आपल्याकडील मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत पक्की समजूत आहे. एम.एस.सारख्या अभ्यासक्रमांबाबत ती बरीचशी खरीही आहे. जैववैद्यक पीएच.डी.चा व्यवहार मात्र उलटा आहे. तेथे विद्यार्थ्याची फी माफ असते, आरोग्यविमा मिळतो आणि दरमहा विद्यावेतन मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एन.आय.एच.ने, आपल्या शिष्यवृत्त्यांसाठी २०२४ साली ठरवलेले विद्यावेतन वर्षाला २८,२२४ डॉलर होते. अनेक नामांकित संस्था त्यात स्वतःची भर घालून ४० हजारांच्याही वर देतात. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या घरभाड्यापुढे ही रक्कम ओढाताणीचीच ठरते. पण मुद्दा असा की येथे विद्यार्थी ग्राहक नाही. तो सरासरी पाच-सहा वर्षे प्रयोग करणार, त्याच्या हातून निघालेल्या निष्कर्षांवर प्राध्यापकाला पुढचे अनुदान मिळणार. हा श्रमाचा करार आहे. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने संशोधन व अध्यापन सहायक विद्यार्थी हे कायद्याने कर्मचारीच ठरतात, असा निर्णय दिला. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगारांनी वेतनासाठी संप केला आणि वेतनवाढ पदरात पाडून घेतली. त्यांची संघटना मोटार कामगारांच्या महासंघाशी संलग्न आहे, ही गोष्ट आपल्याकडील प्राध्यापक संघटनांनी मनन करण्याजोगी आहे.

आता या मुलाखतीने निवडले काय जाते, ते पाहू.

२०१७ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संशोधकांनी आपल्याच जैववैद्यक पीएच.डी. कार्यक्रमाची झाडाझडती घेतली. विद्यार्थ्यांनी पुढे किती व कसे शोधनिबंध लिहिले, याचा त्यांनी प्रवेशाच्या वेळच्या कागदपत्रांशी ताळा घातला. जी.आर.ई. परीक्षेचे गुण, पदवीचे गुण, प्राध्यापकांनी मुलाखतीत दिलेले गुण, यांपैकी कशावरूनही पुढची कामगिरी ओळखता येत नव्हती. काहीसा संबंध आढळला तो शिफारसपत्रांशी. त्याच वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठातून जी.आर.ई.संबंधी अशाच स्वरूपाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अनेक जैववैद्यक कार्यक्रमांनी ती परीक्षा सोडून दिली. मुलाखत मात्र कोणी सोडली नाही.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. ही तुलना निवडून आलेल्या विद्यार्थ्यांमध्येच झाली. मुलाखतीने ज्यांना वगळले ते कसे निघाले असते, हे त्यातून कळत नाही; चाळणीतून खाली पडलेले धान्य पाहिल्याशिवाय चाळणीची परीक्षा कशी करणार? या आक्षेपाला उत्तर देणारी एक घटना योगायोगाने टेक्सासमध्ये घडली. १९७९ साली ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाने मुलाखती घेऊन, क्रमवारी लावून १५० विद्यार्थ्यांची निवड पुरी केली होती. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने जागा २०० करण्याचा आदेश दिला. राहिलेले ५० विद्यार्थी आता आणायचे कोठून? चांगले उमेदवार तोपर्यंत अन्यत्र गेले होते. तेव्हा महाविद्यालयाला आपल्याच यादीत फार खाली असलेल्यांना बोलवावे लागले. त्यांतील बहुतेकांना दुसऱ्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतले नव्हते. पुढे या दोन गटांची तुलना झाली आणि १९८७ साली ती अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अभ्यासात, रुग्णांवरील उपचारांच्या प्रशिक्षणात, मध्येच सोडून जाण्याच्या प्रमाणात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. आरंभी त्यांना ज्याने वेगळे केले होते, ते मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांचे मत होते.

वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे संशोधनसंस्था नव्हे, हे खरे. तरीही अर्ध्या तासाच्या संभाषणातून माणूस ओळखण्याचा जो आत्मविश्वास आपण सारे प्राध्यापक बाळगतो, त्याला या घटनेने चांगलाच धक्का द्यायला हवा होता. तसे झालेले दिसत नाही. मुलाखत घेणाऱ्याला सहसा आपल्यासारखाच माणूस आवडतो: त्याच वळणाचे इंग्रजी बोलणारा, तीच पुस्तके वाचलेला, भोजनाच्या वेळी अवघडून न बसणारा. याला कोणी जातिभेद म्हणणार नाही, वर्गभेदही म्हणणार नाही. ‘तो आमच्यात बसेल असे वाटले नाही’ एवढेच म्हणतील.

या संदर्भात आपल्याच एका जीवरसायनशास्त्रज्ञ स्त्रीचे स्मरण होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तो नकार मान्य केला नाही. संचालकांच्या दारी सत्याग्रहाचा मार्ग त्यांनी पत्करला. अखेर प्रवेश मिळाला तोही एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी या नावाने त्या आपल्याला परिचित आहेत. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. रामन यांच्या भौतिकशास्त्रातील दृष्टीविषयी कोण शंका घेईल? पण माणूस पारखण्याच्या कामी ती दृष्टी उपयोगी पडली नाही. पारख करणारा जेवढा मोठा, तेवढा त्याचा पूर्वग्रह अधिक अधिकारवाणीने बोलतो.

मग मुलाखती रद्दच कराव्यात काय? माझे मत तसे नाही. गुण देण्यासाठी घेतलेली मुलाखत निरुपयोगी असली, तरी भेट निरुपयोगी नाही. तिचा खरा उपयोग उमेदवाराला आहे. पाच-सहा वर्षे जेथे राबायचे ती जागा पाहण्याची ही एकमेव संधी असते. विद्यापीठेही हे जाणतात. म्हणूनच भेटीचा निम्मा भाग आपला माल चांगला दाखवण्यात खर्च होतो. आपल्या मुलांना मात्र हे कोणी सांगितलेले नसते. ती तोंडी परीक्षेला निघाल्यासारखी निघतात.

तोंडी परीक्षेची आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. बाहेरचा परीक्षक व्याख्या विचारतो, मूल पाठ केलेली व्याख्या म्हणते, चुकले तर मान खाली घालते. अमेरिकन प्राध्यापक व्याख्या सहसा विचारत नाही. ‘तू आजवर काय केलेस ते सांग’, असे तो म्हणतो आणि ऐकू लागतो. येथे आपले विद्यार्थी अडखळतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय केले ते त्यांना सांगता येते. का केले, ते सांगता येत नाही, कारण विषय गाईडने दिलेला असतो. समजा, एखाद्या मुलीने वेस्टर्न ब्लॉट करून एखादे प्रथिन कर्करोगाच्या पेशीत वाढते, असे दाखवले. समोरचा विचारील, दोन्ही नमुन्यांत एकूण प्रथिन सारखेच भरले होते, हे कशावरून? अॅक्टिनसारख्या दुसऱ्या प्रथिनाशी तुलना केली होती काय? निष्कर्ष उलटा आला असता तर तू काय मानले असतेस? आणखी सहा महिने मिळाले असते तर कोणता प्रयोग केला असतास? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गाईडबुकात छापलेली नसतात, पण ती मुलगी स्वतःच्या वहीसमोर चार संध्याकाळी शांतपणे बसली तर तिला ती सापडतात. आपले काम दोन मिनिटांत, दहा मिनिटांत आणि फळ्यावर आकृती काढून, अशा तीन प्रकारे सांगण्याचा सराव तिने करावा. त्यातले एक सांगणे तरी जीवशास्त्र न शिकलेल्या माणसापुढे असावे. कार्यकर्त्यांच्या बैठकीत अशी माणसे हवी तेवढी मिळतील.

‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणण्याचाही सराव लागतो. आपल्याकडे ती कबुली पराभवाची समजली जाते. तेथे त्या वाक्याला जोडून ‘पण मी असा शोध घेईन’ एवढे म्हटले की संभाषण पुढे सरकते. ज्यांना भेटायचे त्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-दोन निबंध वाचावेत, निदान त्यांचे सारांश व आकृत्या पाहाव्यात, आणि प्रत्येकासाठी एक खरा प्रश्न मनाशी ठेवावा. स्तुती करू नये. तिचा त्यांना कंटाळा असतो, असे तेथे शिकलेले विद्यार्थी सांगतात. विद्यमान विद्यार्थ्यांबरोबरचे जेवण ही विश्रांती समजू नये. तेथे बोललेले समितीच्या कानी जाऊ शकते. मद्य घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. न घेतल्याने कोणाचा प्रवेश हुकत नाही. कपड्यांसाठी कर्ज काढू नये, मात्र जानेवारीत थंड प्रदेशात जाणाऱ्याने चांगला कोट कोणाकडून उसना का होईना, मिळवावा. प्रवासखर्चाबाबत आधीच विचारावे. काही ठिकाणी तिकीट विद्यापीठच काढते. काही ठिकाणी उमेदवाराने पैसे भरायचे आणि मागाहून भरपाई घ्यायची असते. ज्याच्या खात्यात चारशे डॉलर नाहीत, त्याने तसे स्पष्ट लिहावे. ही विनंती लाजिरवाणी नाही. तीच गोष्ट अर्जाच्या शुल्काची. ते माफ करण्याची सोय अनेक ठिकाणी असते, मागणाऱ्यालाच ती मिळते.

आणि आता उमेदवाराने विचारायचे प्रश्न. माझ्या दृष्टीने तयारीचा अर्धा भाग हाच आहे. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग मार्गदर्शक निवडायचा, अशी पद्धत बहुतेक कार्यक्रमांत असते. ज्याला कोणीच घेत नाही त्याचे काय होते? पाचव्या वर्षी विद्यावेतन कोण देतो, विभाग की प्राध्यापकाचे अनुदान? ते अनुदान संपले तर? गेल्या दहा वर्षांत या प्रयोगशाळेतून किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, किती जण मध्येच सोडून गेले आणि आज ते कोठे आहेत? आईवडील आजारी पडले तर महिनाभर घरी जाता येते काय? संघटना आहे काय, करार कधी झाला? हे प्रश्न प्राध्यापकाला नम्रपणे आणि विद्यार्थ्यांना मोकळेपणाने विचारावेत. दोघांची उत्तरे जुळतात की नाही ते पाहावे. विद्यार्थी एकमेकांकडे पाहून गप्प झाले, तर ते गप्प होणे हेसुद्धा उत्तरच होय.

हे प्रश्न अनाठायी नाहीत, हे २०२५ सालाने दाखवून दिले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एन.आय.एच.ने संशोधन अनुदानांतील अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती अडवली. पण धसका बसायचा तो बसलाच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने त्या वर्षीच्या जैववैद्यक पीएच.डी.साठी दिलेले प्रवेश मागे घेतले. मुलाखत उत्तम झालेल्या, पत्र हाती पडलेल्या मुलांचे प्रवेश गेले. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते, ते आपल्या मुलांनी भोगले. शिवाय एन.आय.एच.च्या प्रशिक्षण अनुदानांतून परदेशी नागरिकाला विद्यावेतन देता येत नाही. ते अमेरिकन नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी राखीव आहे. त्यामुळे परदेशी उमेदवाराच्या जागा मुळातच थोड्या असतात, आणि नकार आला तर तो दरवेळी त्याच्या बुद्धीला आलेला नसतो.

आपल्या घरची स्थिती पाहिली तर अमेरिकेला नावे ठेवण्याचे धाडस होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पीएच.डी. प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन ठरवले. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवलेल्यांचा प्रवेश तर मुलाखतीवरच ठेवला. ३० टक्के म्हणजे थोडे नव्हे. लेखी परीक्षेत जवळजवळ बरोबरीने असलेल्या मुलांचे भवितव्य त्या पंधरा-वीस मिनिटांत ठरते, आणि ज्या मुलाखतीतून काहीच ओळखता येत नाही असे चॅपेल हिलच्या प्राध्यापकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवले, तसे आत्मपरीक्षण आपल्या एखाद्या विद्यापीठाने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अधिछात्रवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७ हजार झाली, ती संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन मागणी केल्यानंतर. ती वेळेवर हाती पडते काय, हे कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारावे.

शिफारसपत्रांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण त्यात दोष आपल्या व्यवसायबंधूंचा आहे. चॅपेल हिलच्या अभ्यासात जी एकच गोष्ट काही सांगत होती, तीच आपल्याकडे सर्वांत बेफिकिरीने केली जाते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’, हे वाक्य आपल्या किती विभागप्रमुखांनी उच्चारले असेल! विद्यार्थी मग इंटरनेटवरचा एखादा मसुदा उतरवतो, आणि एकाच महाविद्यालयातून पाच मुलांची पाच पत्रे एकाच विशेषणांनी भरलेली जातात. खरे पत्र लिहायचे तर मुलाला काम करताना पाहिलेले असावे लागते, त्यासाठी प्रयोगशाळा चालू असावी लागते आणि प्राध्यापकाची जागा भरलेली असावी लागते. तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेला तरुण शिक्षक कोणाचे पत्र लिहिणार? रिकाम्या जागांचा प्रश्न आपण पगाराचा प्रश्न म्हणून मांडतो. विद्यार्थ्याच्या बाजूने तो असाही मांडता येतो. तोवर देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीसारख्या विद्यावेतन देणाऱ्या योजनांची माहिती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांपर्यंत पोचवणे आपल्या हाती आहे. दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत राहिलेल्या मुलाला निदान एक तरी खरे पत्र मिळते.

जिल्ह्याच्या ठिकाणी करता येण्याजोगे आणखी एक काम आहे, आणि ते दिवाळीच्या सुटीपासून सुरू झाले पाहिजे, कारण बहुतेक अर्ज डिसेंबरमध्ये जातात. सरावाच्या मुलाखती घ्यायला परदेशी शिक्षणाचा वर्ग लागत नाही. तीन शिक्षक आणि आधी जाऊन आलेला एखादा विद्यार्थी पुरेसे आहेत. मुलाला आपले काम मराठीत सांगू द्यावे, मग इंग्रजीत. ज्याला मराठीत नीट सांगता येते त्याचे इंग्रजी आठवड्याभरात रुळावर येते. उलट अनुभव मला तरी आलेला नाही. पडद्यावरच्या मुलाखतीची अडचण निराळीच असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी टी.व्ही. चालू असतो, धाकटी भावंडे असतात, आणि वीज गेली की सारेच बंद. महाविद्यालयात शांत खोली, इंटरनेट व जनित्र असते, पण ते संध्याकाळी साडेपाचला कुलुपात जाते. जानेवारी ते मार्च एक खोली रात्री बारापर्यंत उघडी ठेवावी, तिचे वेळापत्रक फळ्यावर लावावे, आणि ती उघडी ठेवणाऱ्या शिपायाला जादा वेळेचा भत्ता महाविद्यालयाने द्यावा, असा ठराव स्थानिक नियामक मंडळांपुढे या सत्रातच नेता येईल.